घरचा नमुना

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव चालू असताना बाईमाणसानं मध्ये बोलायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा.

जानेवारीतली थंड सकाळ होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, मंद्रूपहून टेम्पोभर कांदा घेऊन उजाडायच्या आधीच यार्डात पोहोचले होते. तेही उपाशी. आईचा मला फोन, "वैजू, कायतरी नेऊन दे गं त्यांना." मी राहते जुळे सोलापुरात. ड्यूटीला जायच्या आधी पोहे डब्यात भरले, स्कूटी यार्डाकडे वळवली आणि कांद्याच्या ढिगांमधून आप्पांना शोधत निघाले.

आप्पांच्या ढिगापाशी पोहोचते तोवर व्यापाऱ्यांचा घोळका तिथं येऊन थांबला होता. मधोमध लिलाव पुकारणारा. उंच, सडपातळ, खांद्यावर लाल काठाचा टॉवेल, गालात काहीतरी धरलेलं, आणि आवाज... काय सांगू. खणखणीत, पण कानाला न टोचणारा. तो भाव पुकारायचा आणि कुणीतरी मान हलवून वाढवायचं. आप्पांच्या कांद्याचा भाव चढता चढता मध्येच अडकला.

"एवढ्यावर?" मी म्हणाले. मनात म्हणायचं होतं, तोंडातून गेलं.

सगळे माझ्याकडे वळले. आप्पांना तर कुठं तोंड लपवू असं झालं. तो मात्र थांबला नाही, त्याच लयीत त्यानं मला लिलावात ओढलं. "मालकीणबाई नाराज हायत... कांद्याची पत्ती बघा, रंग बघा, मालकीणबाईंचा राग बघा... बोला, कोण वाढवतंय?"

हशा पिकला. हसता हसता एकानं खरंच वाढवलं. पुकारणाऱ्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "द्या." यार्डात मालकानं 'द्या' म्हटलं की सौदा पक्का. घोळका पुढच्या ढिगाकडे सरकला.

मला त्याला चांगलं सुनावायचं होतं. मी काय लिलावातला माल आहे, माझा राग दाखवायला? पण कांद्याची धूळ घशात गेली आणि खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांत पाणी. बघते तर तो परत आलेला. खिशातून एक तपकिरी काडी काढून समोर धरली.

"चावू नका, गालात धरा."

"काय आहे हे?"

"ज्येष्ठमध. दिवसभर वरडायचं काम, त्याच्यावरच चाललाय घसा माझा."

"मी अनोळखी माणसाकडून काही घेत नाही."

"मग ओळख करून घ्या की. सिद्धलिंग कलशेट्टी. मैंदर्गीचा."

खोकला थांबेना म्हणून घेतली. आधी नुसतं लाकूड, मग हळूहळू जिभेवर पसरणारा गोडवा. खोकला थांबला. मान वर केली तर तो तीन ढीग पुढं पोहोचला होता आणि तिथून मागे वळून बघत होता. मीच मूर्ख, मीही बघत राहिले.

*

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हार्मोन्सच्या संशोधनाची छोटी लॅब आहे, तिथं काम करते. ऐन तिशीत ज्यांचं बीपी गोळ्यांनी उतरत नाही, त्यांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत काही बिघाड आहे का, हे शोधणं हा आमचा अभ्यास. ही ग्रंथी मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली असते आणि अल्डोस्टेरॉन नावाचा हार्मोन सोडते. तो शरीरात मीठ धरून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर घालवतो. त्या ग्रंथीत गाठ झाली आणि हार्मोन भरमसाट सुटायला लागला की बीपी वर, पोटॅशियम खाली, पायांतलं बळ जातं. पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाचाही नेम नाही.

आमच्या प्रमुख डॉ. धनलक्ष्मी मॅडम. त्यांचे दोन नियम देवाच्या आज्ञेसारखे. एक, रक्त काढायच्या आधी माणसाला पाव तास खुर्चीत शांत बसवायचं. बोलणं नाही, मोबाइल नाही. नाहीतर हार्मोन हलतो. दुसरा, अभ्यासात आलेल्या माणसाशी आपला संबंध त्याच्या नंबरापुरता. त्याच्याकडून चहासुद्धा घ्यायचा नाही. "ओळखीच्या माणसाचा रिपोर्ट गोड लावला असं उद्या कुणी म्हणायला नको," असं त्या म्हणायच्या.

त्याच आठवड्यात आमच्या रेश्मा सिस्टरनं हाक मारली. "वैजयंती, सतरा नंबर आलाय गं. याला खुर्चीत गप बसव, माझं ऐकतच नाहीये."

सतरा नंबर म्हणजे सिद्धलिंग कलशेट्टी.

"तुमी?" तो एकदम उभाच राहिला. "मालकीणबाई?"

"बसा. इथं बोलायचं नाही."

"बोलणं हाच धंदा हाय की माझा."

"इथं तो बंद."

बसला बिचारा. समोरच्या खुर्चीत मी, कारण बसलेल्या माणसावर लक्ष ठेवणं माझं काम. इतका बडबड्या माणूस, पण गप्प बसला की त्याचे डोळे बोलायचे. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे, जणू काटा पुढं सरकतोय याचं त्याला वाईट वाटतंय. मी कपाळाला आठ्या घालून बसले. आठ्या टिकवायला किती कष्ट पडतात हे मला त्या दिवशी कळलं.

रक्त काढून झाल्यावर मी नेहमीचे प्रश्न विचारले. काही औषधं, गोळ्या? तो म्हणाला, "बीपीच्या गोळ्या सोडून काय बी न्हाय." मी तसंच नोंदवलं आणि पुढच्या कामाला लागले.

दर आठवड्याला त्याला तपासणीला यावं लागायचं. रक्त फ्रीझरमध्ये साठवायचं, चाचणी सगळ्यांची एकदमच लावायची. दर आठवड्याला खिडकीच्या कठड्यावर ज्येष्ठमधाची एक पुडी 'विसरून' राहायची. मी ती उचलायचे. त्यानं दिली नव्हती, मी घेतली नव्हती. विसरलेली वस्तू जपून ठेवणं याला काही चहा घेणं म्हणत नाहीत. माझा खोकला कधीच गेला होता. काड्या मात्र चालू राहिल्या. बसस्टॉपवर, गच्चीवर, घरी भांडी घासताना, चहातसुद्धा. तो गोडवा जिभेवर आला की मला त्याचा आवाज ऐकू यायचा. आता हे कुणाला सांगणार?

एकदा पाव तास सुरू व्हायच्या आधी तो म्हणाला, "आमचे आज्जा गुरांच्या बाजारात दलाल होते. त्येंच्या वेळी भाव तोंडानं न्हाय सांगायचे. टॉवेलाखाली हात धरायचा आन् बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका भाव. आजूबाजूला शंभर माणसं असली तरी दोघांशिवाय कुणाला पत्ता लागायचा न्हाय." त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर पसरला. "दाखवू?"

माझा हात खुर्चीच्या दांडीवर होता, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. त्याच वेळी आतून मॅडमच्या चपलांचा आवाज आला. मी हात मागे घेतला.

"वेळ सुरू झाली," मी म्हणाले. "गप्प बसा."

तो गप्प बसला. त्या दिवशी त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही.

*

फेब्रुवारीत रेश्मा धावत वर आली. "सतरा नंबरला खाली आणलंय. लिलाव पुकारताना पाय गेले, कांद्याच्या ढिगावरून खाली पडला."

हातातली नळी रॅकमध्ये ठेवून मी दारापर्यंत गेले. खाली जायची सोय नव्हती. मी कोण त्याची? रेश्मानंच बातम्या आणल्या. बीपी भयंकर वाढलंय. पोटॅशियम एकदम खाली, सलाइनमधून द्यावं लागलं. स्कॅन केला. मूत्रपिंडावरच्या डाव्या ग्रंथीत एक लहानशी गाठ दिसली.

मॅडमनी त्याच संध्याकाळी पुण्याच्या सर्जनशी बोलून ऑपरेशनची तारीख घेतली. आठवड्याभरावरची. फक्त आमच्या लॅबचा आकडा हवा होता. अल्डोस्टेरॉन जास्त निघालं की गाठीवर शिक्कामोर्तब.

चाचणी मी लावली. छोट्या छोट्या खळग्यांची प्लेट असते, प्रत्येक खळग्यात एकेकाचं रक्तजल. या चाचणीत उलटा हिशेब असतो, हार्मोन जितका कमी तितका पिवळा रंग गडद. बरोबर किटमधले ठरलेल्या आकड्याचे नमुने लावतात. शिवाय आमच्या लॅबची एक जुनी सवय आहे. स्टाफपैकी एकाचं रक्तही सोबत लावायचं. निरोगी माणूस, ज्याचा आकडा काय यायला हवा ते माहीत आहे. आम्ही त्याला 'घरचा नमुना' म्हणतो. त्या महिन्यात रक्त द्यायची पाळी माझी होती.

रंग चढला. किटचे नमुने सोडले तर सगळी प्लेट फिकट, आणि दोनच खळगे शेजारी शेजारी गडद पिवळे. एक सतरा नंबरचा, दुसरा माझा.

म्हणजे सिद्धलिंगचं अल्डोस्टेरॉन जास्त नव्हतं. जवळजवळ नव्हतंच. आणि माझंही.

मॅडमनी आकडे पाहिले, चष्मा काढला. "किटचे नमुने बरोबर आहेत. घरचा नमुना चुकलाय. तू धडधाकट मुलगी, तुझं इतकं कमी येईलच कसं? नमुने बाहेर राहिले असतील. हात चुकलाय तुझा, वैजयंती."

"नाही चुकला, मॅडम."

"मग दोघांचं सारखंच कसं चुकलं? आणि समजा त्याचा आकडा खरा आहे. पोटॅशियम इतकं उतरलं की हा हार्मोनही दबतो. किंवा ती गाठ दुसराच एखादा हार्मोन सोडत असेल. गाठ डोळ्यांना दिसतेय आणि माणूस कोसळलाय. ही बॅच रद्द कर. हे किट संपलं, नवीन मुंबईहून येईपर्यंत थांबायला वेळ नाही. तो परवा पुण्याला निघतोय."

त्यांचं चूक होतं असंही म्हणता येईना. पण माझा हात चुकला नव्हता, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. आणि तो खरंच चुकला नसेल तर पुण्यात त्याचं पोट फाडून जी गाठ काढतील, तिचा काही दोषच नसेल. मूळ दुखणं आतच राहील. मग पुन्हा एखाद्या सकाळी त्याचे पाय जातील, आणि या वेळी हृदयही.

मी प्लेट समोर ठेवून नुसती बसले. रेश्मा मागून डोकावली. तिला वातावरण कितीही तंग असो, जीभ आवरता येत नाही.

"अगं, कसे दिसतायत बघ दोघं. शेजारी शेजारी, पिवळेधमक. हळद लागलीय दोघांना." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "बरं बाई, नाही बोलत. पण दोघांनी मिळून काय खाल्लंत गं असं?"

मी हसणार होते. हसू आलंच नाही.

दोघांनी मिळून काय खाल्लं?

"रेश्मा," मी म्हणाले, "माझं बीपी बघ."

"तुझं? तुला काय झालंय?"

"बघ म्हणते ना."

तिनं पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग माझ्याकडे असं पाहिलं की मला आकडा विचारायची गरज उरली नाही. तेव्हा आठवलं, महिन्याभरापासून संध्याकाळी माझे पाय सुजत होते, चपलेचा पट्टा रुतत होता. मी म्हणत होते, नवीन चप्पल आहे.

कपाटातलं जाड पुस्तक काढलं. एम.एस्सी.ला वाचून परीक्षेपुरतं लक्षात ठेवलेलं पान होतं ते. ज्येष्ठमध जास्त पोटात गेलं की शरीरात त्या हार्मोनचं सोंग घेतं. मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं, बीपी चढवतं. ग्रंथीला वाटतं काम तर चाललंय, मग ती हार्मोन सोडायचंच बंद करते. पुस्तकात चार ओळी होत्या. माझ्या पर्समध्ये अख्खी पुडी होती.

त्याला मीच विचारलं होतं, औषधं घेता का? आणि ज्याला ज्येष्ठमध लहानपणी आईनं डब्यातून काढून दिलं, तो माणूस त्याला औषध म्हणेलच कशाला? मीही कुठं म्हणत होते?

*

परवा उजाडला. मॅडमच्या केबिनमध्ये सिद्धलिंग आणि त्याची आई निंगव्वा, पुण्याला न्यायची फाइल घ्यायला आलेले. गाडी खाली उभी होती. तो वाळला होता, तरी मला दारात पाहून डोळे तसेच उजळले. निंगव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या.

मला माहीत होतं मी काय करणार आहे. बॅच खरी आहे हे सांगायचं तर माझा आकडा का उतरला ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर पुड्या आल्या कुठून ते सांगावं लागणार. आणि मग माझी नोकरी... मोठ्या मुश्किलीनं मिळालेली, आप्पांनी गावभर सांगितलेली.

"मॅडम, ऑपरेशन थांबवा," मी म्हणाले. पर्समधून पुडी काढून टेबलावर ठेवली. "बॅच बरोबर आहे. यांचं रक्त खरं आहे आणि माझंही. दोघांच्या पोटात हे जातंय. यांच्या किती वर्षं ते त्यांनाच विचारा. माझ्या महिनाभर."

मॅडमनी पुडी उघडली, काडी नाकाशी नेली. क्षणात त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं सरकत गेलं. त्या सिद्धलिंगकडे वळल्या. "रोज किती?"

"मोजत न्हाय कुणी, मॅडम. लिलाव चालू तंवर तोंडात असतंयच. रात्री आई काढ्यात घालते. पर... ते औषध न्हाय की. घशाला हाय ते."

"मला सांगायचं नाही का?"

"तुमी औषधं विचारली हुती."

मॅडमनी पुडी मिटली. मग माझ्याकडे वळल्या. आवाज थंड. "आणि हे तुझ्याकडे कुठून आलं?"

"त्यांनी... खिडकीत ठेवलेलं. मी घेतलं."

"नियम माहीत होता?"

"हो."

"मग का घेतलंस?"

खोटं बोलता आलं असतं. खोकला होता म्हणून सांगता आलं असतं. पण ज्याला वाचवायला आले होते तो समोर बसला होता, आणि माझ्या रक्तानं आधीच सगळं सांगून टाकलं होतं.

"कारण मला ते आवडतात, मॅडम," मी म्हणाले. "खोकला पहिल्या दिवशीच गेला होता. पुढच्या सगळ्या काड्या त्यांच्या होत्या म्हणून खाल्ल्या."

निंगव्वांना माझं भरभर मराठी समजलं नसावं. त्यांनी मुलाचा हात हलवला, "येन अंताळ?" काय म्हणतेय ही? मुलगा कानापर्यंत लाल झालेला. शेवटी मॅडमनीच, हिशेब सांगावा तशा कोरड्या आवाजात, कन्नडमधून सगळं सांगितलं. सगळं. शेवटचं वाक्यसुद्धा.

निंगव्वांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

सिद्धलिंग मात्र माझ्याकडे बघत म्हणाला, "म्हंजे... तुमचं बीपी माझ्यामुळं चढलं? मी तुमाला आजारी पाडलं?"

"तसं नाही हो..."

"तसंच हाय," तो म्हणाला. उठला, आईला हात दिला आणि गेला. एकदाही मागे वळून न बघता.

मॅडमनी पुण्याला फोन करून तारीख पुढं ढकलली. "ज्येष्ठमध बंद. त्याचा अंमल उतरायला काही आठवडे लागतात. त्यानंतर बीपी आणि पोटॅशियम आपोआप ताळ्यावर आलं तर तू बरोबर. नाही आलं, तर उशीर तुझ्यामुळं झाला, हे लक्षात ठेव. आजपासून तू या अभ्यासात नाहीस. थायरॉइडच्या कामाला जा."

*

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले, मलाच ठाऊक. पलीकडच्या खोलीत थायरॉइडचे नमुने लावत बसायचे. तो तपासणीला आला की काचेच्या दारातून खांद्यावरचा टॉवेल तेवढा दिसायचा. कठड्यावर काही राहायचं नाही. ते बरोबरच होतं, आणि तेच सोसवत नव्हतं.

रेश्मा बातम्या आणायची. पहिल्यांदा, "बीपी तसंच आहे गं." पुढच्या वेळी, "थोडंसं उतरलंय, पण मॅडम काही बोलल्या नाहीत." मग, "पुण्याहून फोन आला होता, परत तारीख पाहिजे तर आत्ता सांगा म्हणून." तिसऱ्या बातमीला मी रात्रभर जागी. माझं स्वतःचं बीपी उतरत होतं, पायांची सूज गेली होती. पण मी महिनाभर खाल्लेलं, त्यानं वर्षानुवर्षं. आणि गाठ तर होतीच. माझं चुकलं असेल तर?

"आणखी एक," रेश्मा म्हणाली. "घसा बसलाय त्याचा. काड्या सोडल्या आणि आवाज गेला. लिलाव चुलतभाऊ पुकारतो, हा नुसता बाजूला उभा असतो म्हणे."

तो आवाज. मी बंद पाडला. त्याच्या जिवासाठी का होईना, पण मीच. मला वाटलं, तो मला कधी माफ करायचा नाही.

मार्च संपत आला. ऊन तापायला लागलं होतं. शेवटच्या तपासणीचा दिवस. त्याला नेहमीसारखं खुर्चीत बसवलं. मी पलीकडे, काचेच्या अल्याड. मला त्याची पाठ दिसत होती आणि भिंतीवरचं घड्याळ. त्या पाव तासाला मी मनातल्या मनात सगळे देव गोळा केले. रेश्मानं पट्टा बांधला. रक्त काढलं. पोटॅशियमचा रिपोर्ट खालून यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी एकच रॅक तीनदा पुसला.

दार उघडलं. मॅडम. हातात कागद.

"बीपी नॉर्मल. गोळीशिवाय," त्या म्हणाल्या. "पोटॅशियम नॉर्मल. अल्डोस्टेरॉनही वर यायला लागलंय. गाठ निरुपद्रवी दिसतेय, अशा पुष्कळांना असतात, वर्षानं पुन्हा बघू. ऑपरेशन रद्द."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"प्रश्नांमध्ये ज्येष्ठमध घातलंय मी. आणि काढ्यांची नावं घेऊन विचारायचं. नुसतं 'औषध' विचारून चालत नाही, हे मलाच आधी कळायला हवं होतं." त्यांनी कागदाची घडी घातली. "आणि सतरा नंबर अभ्यासातून काढून टाक. ज्याच्या बीपीचं कारण बाहेरचं निघालं, तो आपल्या अभ्यासात बसत नाही. तो आता आपला कोणी नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"कळलं का?" मॅडम म्हणाल्या. "आपला कोणी नाही. कुठलाच नियम लागू नाही. जा, तो खाली कडुनिंबाखाली थांबलाय. मघापासून."

जिना मी कसा उतरले ते विचारू नका. कडुनिंबाला नवी पालवी आलेली, खाली पिवळी पानं पडलेली. निंगव्वा पलीकडे रिक्षात बसलेल्या. मला पाहून त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. रागानं नव्हे. ओठांत हसू होतं ते मी पाहिलं.

तो समोर उभा. बोलायला तोंड उघडलं तर नुसती खरखर.

"बोलू नका," मी म्हणाले. "घसा बसलाय."

त्यानं मान हलवली.

"माझ्यावर रागावलात?"

त्यानं जोरात नाही म्हणून मान हलवली. मग घोगऱ्या, फुटक्या आवाजात, एकेक शब्द ओढत, "मला वाटलं... तुमी रागावलाय. विष दिलं की मी तुमाला. तोंड कुठलं दाखवू?"

"गोड होतं," मी म्हणाले. "आणि मी स्वतः खाल्लं. शहाणी होऊन."

तो हसला. आवाज न होता हसला. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्याकडे पाहिलं. 'दाखवू?' हा प्रश्न या वेळी तोंडानं विचारायची गरज नव्हती. मी हात पुढं केला. या वेळी मागे घ्यायला कुणाच्या चपलांचा आवाज नव्हता.

लाल काठाचा टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर पडला. रस्त्यावरून माणसं जात होती, चहावाला ग्लास विसळत होता, कुणाला काही पत्ता नव्हता. टॉवेलाखाली त्यानं माझं एक बोट धरलं. मग दुसरं. मग तिसरं. मग पाची बोटं मुठीत घेतली आणि घट्ट दाबली.

आता माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि या वेळी कांद्याची धूळ नव्हती. पण मीही आप्पांची लेक.

"एवढ्यावर?" मी म्हणाले.

तो क्षणभर गोंधळला. मग त्याला यार्डातली ती सकाळ आठवली असावी. त्यानं दुसरा हातही टॉवेलाखाली घातला. आता माझा एक हात त्याच्या दोन्ही हातांत. पुढं वाकून, उरलासुरला आवाज गोळा करून तो म्हणाला, "हाय ते सगळं. ह्येच्या वर माझ्याकडं न्हाय काय."

रिक्षातून निंगव्वांनी खोकल्याचं सोंग केलं. उशीर होतोय, असा त्याचा अर्थ.

"द्या," मी म्हणाले.